जाळीपुढचा सागवानी आडोसा

हल्ली गिऱ्हाईक लाकडाची जात विचारत नाही, आधी फोन पुढे करतं. "मिस्त्री, असं पाह्यजे." फोनमध्ये कुठल्यातरी दूरदेशीच्या घराचं अंगण असतं. हिरवंगार गवत, दोन खुर्च्या आणि मागे उभ्या पट्ट्यांचा देखणा लाकडी पडदा. त्या पडद्यामागे काय आहे ते फोटोत कधी दिसत नाही. ते मला जागेवर गेल्यावर कळतं. बहुतेक वेळा मागे लोखंड असतं: तारेची जाळी, पत्रा, नाहीतर काटेरी तार. लोखंड राखणीला हवं, पण डोळ्यांना नको, म्हणून त्याच्यापुढे लाकूड उभं करायचं.

पांढरकवड्यात बसून मी जन्मभर बंड्या, म्हणजे बैलगाड्या केल्या, पेरणीच्या तिफणी केल्या, चौकटी आणि दारं तर विचारूच नका. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर हा आडोशांचा धंदा नशिबी आला. बंडीचं चाक जुळवणाऱ्या हाताला उभ्या पट्ट्या ठोकायला लावणं म्हणजे पैलवानाला पोळ्या लाटायला बसवण्यासारखं आहे. पण पैलवानालाही पोट असतंच की.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लाकडी पट्ट्या लोखंडी जाळीला सरळ बांधायच्या नसतात. आमच्याकडच्या उन्हात लोखंड तव्यासारखं तापतं, पावसात गंजतं आणि सागवानावर काळे डाग पाडतं. म्हणून आडोशाला स्वतःचे खांब द्यायचे, जाळीपासून चार बोटं अलग. खांबाचं बुड जाळून, डांबर फासून मग गाडायचं, नाहीतर वाळवी पहिल्याच पावसाळ्यात जेवायला बसते. आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये बोटभर फट ठेवायची. गिऱ्हाईक भांडतं ते नेमकं या फटीवरून. "पैसे पूर्ण घेता, मंग फट कायले ठेवता?" त्याला समजावून सांगावं लागतं की पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते. शिवाय उन्हाळ्यातलं वादळ सुटलं की बंद पडद्याला ते सरळ आडवं करतं. फटी असल्या तर वारा आपल्या वाटेनं निघून जातो.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांचा या धंद्यात तोटा नाही. वणीला एका ट्रकमालकानं पत्र्याच्या कुंपणापुढे पांढऱ्या पॉलिशचा आडोसा मागितला. मी म्हटलं, साहेब, कोळशाच्या गावात पांढरं कायले? ऐकलं नाही. दिवाळीनंतर त्या बाजूला गेलो तर आडोसा काळाभोर, आणि साहेब पाहुण्यांना सांगत होते की हे काळं पॉलिश खास बाहेरून मागवलं. पांढरकवड्यातल्याच एका निवृत्त मास्तरांनी शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून आडोसा करून घेतला. महिन्याभरात मी बिजागरी बदलायला गेलो तेव्हा मास्तर फटीला डोळा लावून उभे होते. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण आडोशाच्या धंद्यातूनच निघाली असावी अशी माझी खात्री आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. झरीकडचा एक आडोसा मात्र मला हसण्यावारी नेता आलेला नाही. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण लोक बघायला जातील आणि त्या घराला ते सोसणार नाही. माणसांची नावंही बदलून लिहितो आहे.

गेल्या होळीच्या आधी प्रफुल्ल माझ्या दुकानात आला. वणीकडच्या एका खाणीवर तो डंपर चालवतो. "मी दादारावचा पोरगा," म्हणाला, आणि मी त्याला बसायला स्टूल दिलं. दादारावभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची बंडी मीच केली होती. ती न्यायला आले तेव्हा चाकावर थाप मारून म्हणाले होते, "सुतारभाऊ, हे माह्याहून जास्त टिकन." तसंच झालं. मागच्या हिवाळ्यात, कापूस वेचायच्या दिवसांत, भर दुपारी ते वावराच्या धुऱ्यावर गेले. धुरा म्हणजे शेताचा बांध. तिथून वाघानं त्यांना नेलं. नाल्याकाठी जे सापडलं त्याची ओळख प्रफुल्लनंच पटवली.

त्यांचं घर गावाच्या शेवटाला. घरामागे अंगण, अंगणाला लागून वावर, वावरापलीकडे नाला, आणि नाला ओलांडला की जंगल. बाप गेल्यावर प्रफुल्लनं अंगण आणि वावर यांच्यामध्ये लोखंडी अँगल गाडून पुरुषभर उंचीची जाळी मारून घेतली होती. वावरात जायला तिला एक लहान फाटक होतं.

"मंग आता आडोसा कायले?" मी विचारलं.

"आईसाठी," तो म्हणाला. "काका, आईनं जेवण सोडलं. दुपारी ताट वाढून जाळीपाशी जाते अन् उभी राह्यते. म्हणते, तुहे बाबा धुऱ्यावर बसून हायेत, ते आल्याशिवाय मी कशी जेवू? मंग ताट तसंच वापस. नुसत्या काड्या झाल्या तिच्या हातापायाच्या. अन् फाटक उघडून मांगते. मी कुलूप लावलं, तर कुलूप धरून बसते."

"पण त्याइले दिसते?"

"दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू पिकला हाय. माणूस अन् खांब तिले सारखाच दिसते. ऑपरेशन करू म्हटलं तर म्हणते, आधी तुह्या बाबाले घरात घे." त्यानं स्टूल पुढे ओढलं. "तेच तर भेव हाय काका. धुऱ्यावर खरंच काही येऊन बसत असन, तर ते माहे बाबा नाहीत ना."

जंगलखात्याच्या माणसानं त्याला सांगितलं होतं की नुसत्या जाळीतून आतली माणसं जनावराला दिसत राहतात. नजरेला काही पडलं नाही की त्याचं चित्तही तिकडे जात नाही. म्हणून प्रफुल्लला जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडानं झाकून हवी होती, फाटकासकट. आईला पलीकडचं दिसू नये आणि पलीकडच्याला आई दिसू नये. मी होकार दिला. दादारावभाऊंच्या घरचं काम म्हणून पट्ट्याही निवडून घेतल्या, गाठ नसलेल्या, सरळ रेषेच्या.

मी सामान घेऊन पोचलो तेव्हा पळस फुललेला होता. नाल्याचा काठ नुसता भगवा दिसत होता. प्रफुल्ल ड्युटीवर होता. सून वैशाली चहा घेऊन आली आणि पाठोपाठ कमलावहिनी. मी त्यांना बऱ्याच वर्षांनी पाहिलं. भरल्या अंगाची बाई होती, आता लुगडं काठीला गुंडाळावं तशी दिसत होती. डोळ्यांवर दुधासारखी साय.

"वहिनी, ओळखलं का?"

"आवाजावरून ओळखलं. बंडीवाले सुतारभाऊ ना जी?" त्यांना खरंच आनंद झाला. "ते आताच वावरात गेले. बंडीचं काही काम निघालं काय?"

"नाही वहिनी, मागं आडोसा करून राह्यलो."

"आडोसा? कोणापासून जी?"

 मी खांबाचे खड्डे कुठे घ्यायचे ते बघायला उठलो.

खांब उभे केले, आडव्या पट्ट्या जोडल्या आणि उभ्या पट्ट्या मारायला सुरुवात केली. रोज दुपारी वहिनी ताट घेऊन येत आणि जिथे अजून पट्टी लागलेली नाही अशा जागी जाळीला तोंड लावून उभ्या राहत. रोज ती मोकळी जागा थोडी कमी झालेली असायची. त्या हातानं चाचपून पट्टी कुठे संपते ते बघत आणि तिथे सरकत.  मला माझ्याच कामाची लाज वाटायला लागली. बाई ज्या बाजूला सरकते त्या बाजूची वाट आपण बंद करत चाललो आहोत, हे कळत असूनही हातोडी चालवायची म्हणजे अवघड असतं.

शेवटी फाटकासमोरही पट्ट्या लागल्या आणि आडोसा पुरा झाला. मी नेहमीप्रमाणे लांब जाऊन उभा राहिलो आणि पाहिलं. ओळंब्यात, सरळ, झकास काम. पलीकडचं काही दिसत नव्हतं. फटी बोटभरच होत्या आणि लांबून त्या नुसत्या काळ्या रेघा वाटत होत्या. कामावर खूश होऊन मी हत्यारं गोळा करायला आडोशाच्या कडेकडेनं भराभर चालत निघालो.

आता एक गोष्ट सांगतो, ती कुणीही आपल्या घरी करून बघावी. फटींच्या पडद्यासमोर तुम्ही स्थिर उभे राहिलात तर पलीकडचं फारसं दिसत नाही. पण त्याच्या बाजूनं चालत गेलात की एकेक फट डोळ्यांपुढून सरकते आणि त्या सगळ्या फटींतून मिळून पलीकडचं अख्खं चित्र उभं राहतं, जसं काही मध्ये पडदाच नाही. मला हे ठाऊक होतं. म्हणून चालताना वावर दिसलं, उपटून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या दिसल्या, त्याचं नवल वाटलं नाही. धुऱ्यावर कुणीतरी बसलं होतं, त्याचं मात्र वाटलं.

आमच्याकडे पाठ करून, पिवळसर पांघरूण घेऊन, मान किंचित खाली. दुपारचं ऊन टळटळीत. मी थांबलो. चित्र गेलं. फटीला डोळा लावला. धुरा रिकामा, वाळलेलं गवत, मागे पळस. पळसाच्या फुलांचा सडा असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि पुन्हा चालून पाहिलं. बसलेलं होतं. थांबलो की नाही, चाललो की आहे. मी भुताखेताला भिणारा माणूस नाही, मी फक्त गिऱ्हाइकाला भितो. तरीही तिसऱ्यांदा चालून बघायचं धाडस मला झालं नाही.

वळलो तर वैशाली ओसरीच्या खांबाला धरून उभी होती.

"तुमालेही दिसलं ना काका?" ती हळू आवाजात म्हणाली. "नुसती जाळी होती तवा मले कधीच काही दिसलं नाही. आई म्हणे, मी म्हणो बुढीचे डोळे गेले. तुमच्या पट्ट्या लागल्या तसं आता मलेही दिसून राह्यलं. म्हणून मी अंगणातून सरळ चालतच नाही. थांबत थांबत जाते."

"पळसाची फुलं हायेत ते," मी म्हटलं.

"पळस तिकडे हाय, नाल्यावर," ती म्हणाली. "काका, ह्या फटी बुजवा."

त्यावर आमच्या कामात एक इलाज आहे. पट्ट्यांची दुसरी ओळ मागच्या बाजूनं मारायची, अशी की पुढच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीच्या पाठीशी मागची पट्टी यावी. वारा वळसा घेऊन निघून जातो, पण नजर अडते. दुप्पट लाकूड लागतं. मी पांढरकवड्याहून आणखी सागवान आणलं आणि दुसऱ्या ओळीला लागलो. जाळी आणि आडोसा यांच्यामधल्या जागेत हात घालून मागून पट्टी धरायची म्हणजे वावराकडे तोंड करून जाळीच्या अगदी जवळ जावं लागायचं. मी ते काम सकाळी सकाळी उरकून घेत असे, आणि मध्ये मध्ये उगाच खोकत असे.

ती ओळ संपत आली त्या दिवशी कमलावहिनी ताट न घेता आल्या. माझ्याजवळ जमिनीवर बसल्या आणि पट्टीवरून हात फिरवला.

"लाकूड चांगलं लावलं भाऊ."

"तुमच्या घरचं काम हाय वहिनी."

"मंग माहं एक ऐका. एक फट राहू द्या. इथं, मी बसते तिथं. फाटक नाही मांगत मी आता. पोराले भेव वाटते, मले समजते ते. पण त्याइले वाटन ना जी, घरच्याइनं तोंडावर दार लावलं."

 वैशाली मागे येऊन उभी होती. वहिनी तिच्याकडे वळल्या, म्हणजे तिच्या पायांच्या आवाजाकडे वळल्या. "एक फट ठेवाले सांग बाई. मी जेवीन."

त्या घरात गेले कित्येक दिवस हा शब्द कुणी ऐकला नव्हता. वैशालीनं तिथल्या तिथे प्रफुल्लला फोन लावला. पलीकडे डंपरची घरघर, त्यात तो ओरडून विचारत होता, "काय म्हटलं तिनं? जेवीन म्हटलं?" मग म्हणाला, ठेवा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, वीतभर लांबीची एक फट मी मोकळी ठेवली. वहिनींनी तिला डोळा लावला. मग वैशालीला म्हणाल्या, "आण ताट." माझ्यासमोर त्यांनी भाकर आणि वरण खाल्लं, हळूहळू, एकेक घास फटीकडे बघत. वैशाली रडत होती. मीही तोंड फिरवून रंधा पुसत बसलो.

नंतर प्रफुल्लचे फोन यायचे. आई जेवते. आईच्या अंगावर मांस आलं. आई हसते. मला बरं वाटायचं. सुताराला असा निरोप कोण देतं? दार नीट लागलं म्हणून आजवर कुणी मला फोन केलेला नाही, अडकलं की मात्र करतात. मी दुकानात दोन-चार जणांना ही फटीची गोष्ट सांगितलीही, जरा ऐटीतच. धुऱ्यावर काय दिसलं ते सांगितलं नाही.

पावसाळ्यात फोन आला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. आई स्वतःहून ऑपरेशनला तयार झाली होती.

"चांगलं झालं ना मंग," मी म्हटलं.

"काहून तयार झाली ते ऐका ना काका. म्हणते, ते आता धुऱ्यावर नाही बसत, पार जाळीपाशी येऊन बसतात. एवढे जवळ आले, आता तरी त्याइचं तोंड नीट पाहू द्या."

जंगलखात्याची माणसं येऊन गेली होती. जाळीबाहेर, आडोशाला लागून, गवत दबलेलं होतं. रोही, म्हणजे नीलगाय, बसली असेल, डुक्कर लोळलं असेल, नक्की सांगता येत नाही, असं म्हणाले. कडक जमिनीवर ठसा उठत नाही आणि मऊ जमिनीवरचा पावसानं धुऊन जातो. प्रफुल्लनं वेल्डरला बोलावून जाळीला जास्तीचे अँगल मारून घेतले. मी फोन ठेवला. दुपारनंतर ऊन अंगणाकडून येतं, तेव्हा वावराच्या बाजूला माझ्या आडोशाची लांब, गार सावली पडत असणार. त्या सगळ्या उघड्या वावरात तेवढीच एक सावली. आणि आडोसा दुहेरी असल्यामुळे आतल्या माणसांची हालचालही पलीकडे दिसत नसणार. पलीकडच्याला बसायला याहून चांगली जागा कुठे मिळणार होती? जे दूर ठेवायचं म्हणून मी एवढं लाकूड लावलं, त्याला मीच घराजवळ आणून बसवलं होतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. दसरा झाला आणि वैशालीचा फोन आला. "काका, आईनं बलावलं. काय काम हाय ते सांगत नाही. सुतारभाऊलेच सांगीन म्हणते."

मी गेलो. कापसाची बोंडं फुटली होती, वावर पांढरं झालं होतं. प्रफुल्ल ड्युटीवर. वहिनी आडोशाला पाठ टेकून बसल्या होत्या, आपल्या ठरलेल्या जागी. त्यांची पाठ जिथे टेकायची तिथलं लाकूड तेल लावल्यासारखं गुळगुळीत झालं होतं. अंग भरलं होतं. डोळे स्वच्छ, काळे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"म्हातारे झाले जी तुम्ही भाऊ."

"तुमाले आता दिसाले लागलं वहिनी, म्हणून."

त्या हसल्या. मग पाठीमागे न बघता हात वर केला आणि आपल्या डोक्याशेजारच्या फटीवर ठेवला. "हे बुजवून टाका."

मी वैशालीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तिलाही हे नवीन होतं. दवाखान्यातून आल्या दिवशी वहिनी सरळ इथे आल्या होत्या, एवढंच तिला माहीत होतं. फटीला डोळा लावून एकदा पाहिलं, मग उठून आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ताट घेऊन परत येऊन बसल्या, पण पाठ फिरवून. तेव्हापासून त्या फटीतून कुणी पाहिलेलं नव्हतं.

"काय दिसलं वहिनी?" मी विचारलं. विचारू नये हे कळत होतं, पण तोंडातून गेलं.

 अंगणातली एक कोंबडी आमच्यापर्यंत आली आणि मध्येच थबकून परत पळाली.

"मोतीबिंदू होता तवा मी जे पाह्यलं, ते मले पुरते," त्या म्हणाल्या. "डोळे वापस आले नसते तर बरं झालं असतं भाऊ. पण आता आले तर आले. तुम्ही फट बुजवा. मी इथं बसते, जेवते, दोन गोष्टी सांगते. ऐकतात ते. उठून जात नाहीत."

मी आडोशाच्या टोकाला गेलो. जाळी आणि पट्ट्या यांच्यामधली चार बोटं जागा मला तिथून आरपार दिसायला हवी होती, मीच ठेवलेली. ती दिसली नाही. वहिनी बसल्या होत्या त्या ठिकाणी जाळीला आतल्या बाजूला पोट आलं होतं आणि ते पट्ट्यांना टेकलं होतं. बाहेरून काहीतरी जड, रोज, अंग टाकून बसावं तसं. वेल्डरनं मारलेला अँगलही वाकला होता. आणि वास येत होता, सुवासिक तांदळाचा भात शिजत असावा तसा.

"भात टाकला काय?" मी वैशालीला विचारलं.

"नाही जी. आज भाकरीच केल्या."

लाकडाच्या कामानं मी उमेदीच्या काळात जंगलात पुष्कळ फिरलो आहे. वाघ आपली म्हणून जी जागा राखतो तिथे चुलीशिवाय भाताचा वास येतो, हे तेव्हाच्या एका म्हाताऱ्या वनमजुरानं मला सांगितलं होतं. वैशालीला ऐकू जाऊ नये म्हणून मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन प्रफुल्लला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले माहीत हाय काका. मागच्या हप्त्यात मी दुपारी घरी होतो, मलेही वास आला. जंगलखात्याले सांगतलं, ते पिंजरा लावतो म्हणतात. आईले म्हटलं, चाल, वणीले खोली घेतो. तिनं त्याच दिवशी ताट बाजूले सारलं." पलीकडे घरघर चालूच होती. "फट बुजवून मांगते ना ती? मंग बुजवून द्या. आता ती फाटकाचं नाव नाही काढत. जेवते. पिंजरा लागेपर्यंत तरी जेवू द्या तिले."

मी पिशवीतून पट्टी काढली, मापाला कापली. ड्रिल मशीन काढलं तर वहिनी म्हणाल्या, मशीन नको, आवाज होते. हातोडी घेतली. वहिनी जागच्या उठल्या नाहीत. त्यांच्या डोक्याच्या बाजूला पट्टी धरून मी एक हात आधाराला शेजारच्या लाकडावर टेकला.

चाळीस वर्षं मी लाकूड हाताळतो आहे. लाकूड उन्हात तडकतं, गारव्यात वाजतं, ओल धरून फुगतं. ते सगळं माझ्या तळव्याला ओळखू येतं. माझ्या हाताखालची पट्टी या कशानंही हलत नव्हती. ती अगदी किंचित पुढे येत होती आणि मागे जात होती. पुढे येत होती, मागे जात होती, संथ.

मी खिळा लावला आणि ठोका दिला. पलीकडे जाळी करकरली, झोपेत कुणी कूस बदलावी तशी, आणि पुन्हा शांत झाली.

कमलावहिनींनी मान वळवली नाही. मांडीवरचं ताट सावरत म्हणाल्या, "हळू ठोका भाऊ. आत्ताच डोळा लागला त्याइचा."

बाकीचे खिळे मी हातोडीला फडकं गुंडाळून मारले.